हरकत कोणी घ्यायची? हॉटेलातल्या धुराचा इतिहास

आमच्या भद्रावतीत कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलात जा, गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन गोष्टी दिसतील. मालकाच्या श्रद्धेप्रमाणे एखादी तसबीर किंवा तुग्रा, ‘उधार बंद’ची सूचना, आणि ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ ही पाटी. पहिल्या दोन मालकाने स्वतःच्या मनाने लावलेल्या असतात. तिसरी त्याला सरकारने लावायला लावलेली आहे. तिचे मापसुद्धा नियमात ठरवून दिले होते: साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद.

याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. कोणी आत बसून विडी-सिगारेट ओढू लागला तर तक्रार कोणाकडे करायची, त्या माणसाचे नाव मालकाने ठळकपणे लावायचे असते. मी आजवर आमच्या भागात ज्या पाट्या वाचल्या, त्यांतल्या बहुतेकांवर हे नाव नाही. कुठे ती ओळ छापलेलीच नाही, कुठे छापून कोरी ठेवली आहे. एका नावाची ती कोरी जागा मला फार महत्त्वाची वाटते. धूर दुसऱ्याचा, खोकला आपला, पण ‘भाऊ, बाहेर जाऊन ओढा’ हे म्हणायचे कोणी? हॉटेलातल्या धुराचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो आपण जरा मागून सुरू करू.

बादशहांच्या बंद्या

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. ती आधी आपल्या दख्खनमध्ये रुजली आणि मग उत्तरेला गेली. अकबराचा एक दरबारी, असद बेग, विजापूरला आदिलशाही दरबारात कामगिरीवर आला होता. तिथे त्याने पहिल्यांदा तंबाखू ओढणारी माणसे पाहिली. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि सुंदर घडवलेली नळी सोबत नेली आणि बादशहापुढे नजराणा म्हणून ठेवली. हा किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. अकबराने कुतूहलाने झुरके घेतले. दरबारातल्या हकिमांनी हरकत घेतली की ही वनस्पती आमच्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष माहीत नाहीत, बादशहाने ती का घ्यावी? अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही. उमरावांनी मात्र लावून घेतली आणि व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली.

जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती प्रकृतीला अपायकारक आहे, असे कारण त्याने आपल्या आठवणींत दिले आहे. इराणच्या शाह अब्बासनेही अशीच बंदी घातल्याचा उल्लेख तो करतो. तिकडे इस्तंबूलमध्ये १६३३ च्या मोठ्या आगीनंतर सुलतान मुराद चौथा याने तंबाखू तर बंद केलीच, शिवाय कहवाखानेही पाडायला लावले. मोडणाऱ्याला शिक्षा थेट मृत्यूची होती. तरी लोक लपूनछपून ओढतच राहिले, असे त्याच काळातला विद्वान कातिब चलबी नोंदवतो.

या सगळ्या बंद्यांत एक गोष्ट समान होती. बादशहाला ओढणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी असेल, शहराला लागणाऱ्या आगीची असेल, कहवाखान्यात बसून राज्यकारभारावर होणाऱ्या गप्पांची तर असेलच. शेजारी बसलेल्या माणसाचा विचार त्यांत कुठेही नव्हता.

तो विचार आपल्याकडे नव्हता असे मात्र नाही. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन लगेच मशिदीत येऊ नये, ही शिकवण आपल्याला मक्तबमध्येच मिळते. कांदा हराम नाही, लसूण हराम नाही. घरी खुशाल खा. पण सफेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या तोंडाच्या वासाचा त्रास होऊ नये, एवढेच. म्हणजे वस्तू चांगली की वाईट हा एक प्रश्न, आणि तिचा शेजाऱ्याला त्रास होतो का हा दुसरा. तंबाखूच्या बाबतीत आपण चारशे वर्षे पहिल्या प्रश्नावर वाद घातला. मुबाह, मकरूह की हराम, यावर उलेमांनी किताबेच्या किताबे लिहिली. दुसरा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडला.

रेल्वेच्या डब्यातला कायदा

शेजाऱ्याचा विचार करणारा जुना कायदा आपल्याकडे आहे आणि तो हॉटेलचा नाही, रेल्वेचा आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात असे कलम होते की, खास धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून इतर डब्यात सहप्रवाशांच्या संमतीशिवाय कोणी धूम्रपान केले तर त्याला वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. त्या काळी वीस रुपये ही लहान रक्कम नव्हती.

शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, नवा रेल्वे कायदा आला. त्यात शब्द बदलले. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर ओढता येणार नाही, अशी मांडणी झाली. दंड शंभर रुपयांपर्यंत. रेल्वेला वाटल्यास अख्ख्या गाडीत बंदी घालण्याची मुभाही दिली. पण साध्या डब्यातल्या प्रवाशापुरते पाहिले तर फरक बारीक आणि मोठा आहे. ‘संमती’ या शब्दात ओढणाऱ्याने आधी विचारायचे असते. ‘हरकत’ या शब्दात त्रास होणाऱ्याने बोलायचे असते.

आता हा कायदा आमच्या भांदक स्टेशनावर उतरवून पाहा. भद्रावती गावाचे जुने नाव स्टेशनाने अजून जपले आहे. वर्धा-बल्लारशाह मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी एखादा ठेकेदार सिगारेट पेटवून बसला आहे. समोर तेंदूपत्त्याच्या हंगामातून परत निघालेली मजुरीण बसली आहे, मांडीवर मूल आहे. मुलाला ढास लागली आहे. कायदा म्हणतो, हरकत घे. ती घेईल का? कायद्याने हक्क दिला, पण तो वापरायला लागणारी हिंमत, कपडे, भाषा आणि ओळख यांतले काहीच दिले नाही. तिने पदर मुलाच्या नाकावर धरला, हीच तिची हरकत.

हॉटेलात तर एवढेही कलम नव्हते. तिथे ओढणारा गिऱ्हाईक होता आणि गिऱ्हाईक म्हणजे राजा. उलट गल्ल्यावर सुटी सिगारेट मिळायची, खांबाला सुताची जळती दोरी टांगलेली असायची, टेबलावर राखदाणी असायची. ती नसेल तर चहाच्या बशीचे काम वाढायचे. लग्नाच्या घरी पान-सुपारीच्या तबकात सिगारेटी मांडून पाहुण्यांपुढे फिरवणे हा पाहुणचाराचा भाग होता. ती नाकारणारा पाहुणा चालत असे, पण त्याबद्दल तक्रार करणारा पाहुणा तुसडा ठरत असे.

काडेपेटी गेटवर ठेवणारे गाव

आता आमच्या गावाची गंमत सांगतो. भद्रावतीला धूम्रपानबंदी शिकवायला २००८ सालची गरज नव्हती. साठच्या दशकात इथे चांदा आयुध निर्माणी उभी राहिली. जिथे दारूगोळा भरला जातो तिथे काडेपेटी, विडी, लायटर घेऊन आत जाता येत नाही. गेटवर झडती होते. शेजारी माजरीच्या बाजूला कोळसा खाणी. जमिनीखालच्या खाणीत उतरण्याआधी मजुराचे खिसे तपासले जातात, कारण खाणीतल्या वायूला एक ठिणगी पुरते. साहेब असो की मजूर, हा नियम सगळ्यांना सारखा. तिथे ‘माझे स्वातंत्र्य’ असे कोणी म्हणत नाही. ‘एकच ओढतो’ असेही म्हणत नाही. आणि तिथे शेजाऱ्याला हरकतही घ्यावी लागत नाही. हरकत गेटच घेते.

हाच माणूस पाळी संपवून सायकल-मोटारसायकलवर गावात येई, हॉटेलात आलुबोंडा आणि कडक चहा मागवी, आणि पहिला घोट घेतला की विडी पेटवी. आठ तास त्याने जे सहज पाळले, ते इथे पाळायचे कारण त्याला दिसत नव्हते. दारूगोळ्याचा धोका डोळ्यांना दिसतो. एका क्षणात होतो, आणि त्यात ओढणाराही मरतो. हॉटेलातला धोका हळूहळू होतो, दुसऱ्याला होतो, आणि तो झाला तेव्हा कोणाच्या विडीने झाला हे सांगता येत नाही.

दुसऱ्याच्या धुराचा हिशेब

हा न दिसणारा धोका मोजून दाखवण्याचे मोठे काम जपानमध्ये झाले. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती १९६६ पासून चौदा वर्षे ठेवली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितके पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचे प्रमाण जास्त, हे त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. सिगारेट कंपन्यांनी या अभ्यासावर तुटून पडण्याचा प्रयत्न केला, पण नंतरच्या अभ्यासांनी त्याला दुजोराच दिला.

घरात जे पत्नीचे, तेच हॉटेलात वाढप्याचे. कॅनडाच्या ओटावा शहरात हेदर क्रो नावाची बाई होती. चाळीसहून अधिक वर्षे तिने हॉटेलांत गिऱ्हाइकांना जेवण वाढले. स्वतः एकही सिगारेट ओढली नाही. २००२ मध्ये तिला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. कामाच्या जागेवरच्या धुराने झालेला आजार म्हणून तिने भरपाई मागितली आणि ती मंजूर झाली. उरलेली चार वर्षे ती गावोगाव जाऊन हे सांगत राहिली. मे २००६ मध्ये ती गेली, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तिच्या ओंटारिओ प्रांतात हॉटेले-बार धूरमुक्त करणारा कायदा लागू झाला. त्याआधी मार्च २००४ मध्ये आयर्लंडने सबंध देशात, अगदी पबमध्येसुद्धा, बंदी आणली होती. तिथल्या सरकारचा मुख्य मुद्दाही गिऱ्हाइकाचा नव्हता. गिऱ्हाईक अर्ध्या तासाने उठून जातो, काम करणाऱ्याला दिवसभर तिथेच श्वास घ्यावा लागतो, हा होता.

कोर्ट, कायदा आणि तीस खुर्च्या

आपल्याकडे सुरुवात कोर्टातून झाली. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा निकाल दिला. त्याच वर्षी मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा-कॉलेजे, वाचनालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने इथे धूम्रपानाला मनाई केली. न ओढणाऱ्याला त्याची काहीही चूक नसताना का भोगायला लावायचे, हा त्या निकालाचा गाभा होता. पण यादी नीट वाचा. तिच्यात हॉटेल नाही.

२००३ मध्ये संसदेने सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक जागी धूम्रपान बंद केले आणि या वेळी हॉटेल त्यात आले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. सोबत एक सवलतही आली: तीस किंवा अधिक खोल्यांचे लॉज, तीस किंवा अधिक माणसे बसतील असे उपाहारगृह, आणि विमानतळ, यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येईल. म्हणजे ज्याच्याकडे दहा बाकडी, त्याला पूर्ण बंदी. ज्याच्याकडे मोठा हॉल, त्याला वेगळी खोली.

कायदा २००४ मध्ये लागू झाला, पण हॉटेलांत खरा फरक पडला तो २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीच्या दिवशी नवे नियम अमलात आले तेव्हा. अंबुमणी रामदोस तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री होते. हॉटेलवाल्यांची संघटना आणि सिगारेट कंपनी यांनी नियमांना आव्हान दिले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. या नियमांनी तीन गोष्टी केल्या. पाटी लावायला लावली. राखदाणी, काडेपेटी, लायटर टेबलावरून उचलायला लावले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जबाबदारी मालकावर टाकली: त्याच्याकडे तक्रार होऊनही त्याने काही केले नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर.

मला हे नियम इतिहासातले खरे वळण वाटतात. १८९० मध्ये ओढणाऱ्याने विचारायचे होते. १९८९ मध्ये सोसणाऱ्याने हरकत घ्यायची होती. २००८ मध्ये कायदा म्हणाला, कोणीच विचारायला नको, बंदी आधीच आहे. ती पाळून घेण्याची जबाबदारी ज्याचे छप्पर त्याची. निर्माणीच्या गेटवर जे साठ वर्षे चालले, ते हॉटेलच्या दारात आणण्याचा हा प्रयत्न होता.

याच सुमारास आणखी एक कायदा त्याच दारातून आत आला होता. ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबा आणि घरकामाला ठेवण्यास बंदी झाली. फडके मारणारा, ग्लास विसळणारा ‘छोटू’ कायद्याने बाहेर गेला, आणि दोन वर्षांनी धूर. दोन्ही कायदे एकत्र वाचले की लक्षात येते, त्याआधीच्या पिढ्यांतल्या किती मुलांचे बालपण त्या धुरात गेले असेल. त्यांच्यापैकी एकानेही कधी ‘साहेब, सिगारेट विझवा’ म्हटले असेल का?

लोक काय म्हणतात

बंदीने धंदा बसेल, ही हॉटेलवाल्यांची भीती होती. जगभरातले अभ्यास तपासून कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २००९ मध्ये निष्कर्ष काढला की, धूरबंदीने उपाहारगृहांच्या व्यवसायाचे नुकसान होत नाही. आमच्याकडचा अनुभवही वेगळा नाही. पूर्वी हॉटेलात मागे पडदा लावून ‘फॅमिली रूम’ असायची. बायका-मुलांना पुढच्या हॉलमधल्या नजरांपासून आणि धुरापासून वाचवायची ती जागा. आता कितीतरी ठिकाणी बुरख्यातली आई आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी पुढच्याच टेबलावर बसून पोहे-तर्री खाताना दिसतात. याचे सगळे श्रेय पाटीला देता येणार नाही, पण थोडे द्यावे लागेल.

या बंदीला लोकांनी फारसा विरोध केला नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याने २०१५ ते २०२१ दारूबंदीही पाहिली. पोलिसांच्या धाडी, चोरटी वाहतूक, खटले, आणि शेवटी बंदी मागे. धूरबंदीला ना धाडी लागल्या ना खटले, तरी ती बऱ्याच अंशी टिकली. दारूबंदी माणसाला म्हणते, ‘सोड’. धूरबंदी म्हणते, ‘जरा बाहेर जा’. दुसरी मागणी पाळायला सोपी आहे, आणि म्हणूनच ओढणारेसुद्धा तिला न्याय्य म्हणतात.

पण आकडे पाहिले तर छाती फुगवण्याचे कारण नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ १०० पैकी जेमतेम ४ होते, नेमके ३.८ टक्के. चघळणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे धूर कमी दिसतो तो काही प्रमाणात तोंडातल्या खर्ऱ्यामुळे. पानठेल्यावर प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा तयार होतो, आणि हॉटेलची भिंत राखेऐवजी पिचकारीने रंगते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्ऱ्याने ती जागा केव्हाच भरून काढली. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी काम चालते. गावांनी स्वतः ठराव करून खर्ऱ्याची विक्री थांबवण्याचे प्रयत्न तिथे होतात. तिथेही मूळ कल्पना हीच: एकट्या बाईने दुकानदाराशी भांडायचे नाही, हरकत सगळ्या गावाने मिळून घ्यायची.

दुसरा आकडा जास्त बोचतो. त्याच सर्वेक्षणात देशभरात घरातल्या धुराला सामोरे जाणाऱ्यांचे प्रमाण सात वर्षांत ५२.३ वरून ३८.७ टक्क्यांवर आले. बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांचे, कामाच्या ठिकाणचे प्रमाण मात्र २९.९ होते ते ३०.२ टक्के झाले. घरी बायको-मुले बोलू लागली, म्हणून घर सुधारले असे म्हणायला जागा आहे. कामाच्या जागी बोलणार कोण?

मोठ्या शहरांत याच काळात हुक्क्याचे नवे प्रकरण उभे राहिले. मुंबई महापालिकेने २०११ मध्ये उपाहारगृहांतल्या हुक्क्यावर निर्बंध आणले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण तीस खुर्च्यांची सवलत कायद्यातच होती. मग २०१७ मध्ये नियम बदलून धूम्रपानाच्या खोलीत कोणतीही सेवा देऊ नये असे ठरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल्सच्या आवारात आग लागून चौदा माणसे गेली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरच बंद केले. इथेही राज्याला जाग आली ती आगीनंतर. मुराद चौथ्याची इस्तंबूलची आग, आमच्या निर्माणीचे गेट आणि कमला मिल्स यांत चारशे वर्षांचे अंतर आहे, पण ज्वाला दिसल्याशिवाय धूर दिसत नाही, हा स्वभाव तोच.

विडी आमच्याच पानाची

या विषयावर आमच्या भागात बोलताना एक प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. विडीचे पान आमच्याच जंगलातले. चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला घरची सगळी माणसे पहाटे जंगलात जातात. त्या पैशांतून खरिपाचे बियाणे येते, मुलीचे लग्न होते. पुढे गोंदिया-भंडारा, सिन्नर, नगर, सोलापूर इथे हजारो बायका विड्या वळतात, त्यांत आपल्या समाजातल्या बायकाही आहेत. मग विडीला हॉटेलातून हाकलणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय नाही का?

नाही, असे मला वाटते. हॉटेलातली बंदी विडी विकायला मनाई करत नाही, ओढायलाही करत नाही. छपराखाली ओढायला करते. विडी वळणाऱ्या बाईची खरी अडचण म्हणजे मजुरी आणि दिवसभर नाकात जाणारी तंबाखूची धूळ. म्हणजे तीही धुराच्याच बाजूने नाही, श्वासाच्या बाजूने आहे. तिच्या रोजगाराचा प्रश्न वेगळा सोडवायला हवा. तो हॉटेलातल्या पोराच्या फुप्फुसातून सोडवता येणार नाही.

खरी विषमता दुसरीकडे आहे. दहा बाकड्यांच्या चहाच्या दुकानात विडी ओढणारा मजूर नियमाने गुन्हेगार. मोठ्या हॉटेलात काचेच्या खोलीत सिगारेट ओढणारा नियमाने निर्दोष. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२१ मधल्या मसुद्यात ही वेगळ्या खोलीची सवलत काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. त्याचा कायदा झालेला नाही. झाला असता तर निदान नियम निर्माणीच्या गेटसारखा सगळ्यांना सारखा झाला असता.

हक्क अल्लाहचा आणि हक्क माणसाचा

शेवटी आपल्या लोकांशी दोन शब्द. तंबाखू मकरूह की हराम, हा वाद आपण चालू ठेवू. तो अभ्यासाचा विषय आहे. पण दीन आपल्याला दोन प्रकारचे हक्क शिकवतो: हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद. पहिल्यात चूक झाली तर तौबा आहे, अल्लाह रहीम आहे. दुसऱ्यात, म्हणजे माणसाचा हक्क मारला असेल, तर आधी त्या माणसाने माफ करावे लागते. हॉटेलात, शादीखान्यात, रमजानमध्ये तरावीहनंतर उघड्या असलेल्या चहाच्या दुकानात आपण जो धूर सोडतो, तो दुसऱ्या खान्यात जातो. आणि ज्याचा हक्क मारला, तो वाढपी, तो ग्लास विसळणारा, ती पदराने मुलाचे नाक झाकणारी बाई, यांची माफी आपण मागितलेली नसते. मागणार तरी कुठे, त्यांचे नावही आपल्याला माहीत नसते.

म्हणून हॉटेलमालकांना माझी विनंती साधी आहे, आणि आपल्या समाजाची हॉटेले, खानावळी, बिर्याणीची दुकाने या भागात कमी नाहीत. पाटीवरची ती कोरी ओळ भरा. तिथे स्वतःचे नाव लिहा. नोकराचे नको, कारण नोकर गिऱ्हाइकाला टोकू शकत नाही. तुमचे नाव असेल तर खोकणाऱ्या म्हाताऱ्याला कोणाशी भांडावे लागणार नाही, तो गल्ल्याकडे नुसता पाहील आणि तुम्ही उठाल. आणि गिऱ्हाइकांना विनंती त्याहून लहान: काडी ओढण्याआधी दार कुठे आहे ते पाहा. आपल्या गावाने दारूगोळ्याच्या गेटवर साठ वर्षे काडेपेटी काढून ठेवली आहे. चहाच्या टेबलावर ती खिशातच राहू द्यायला कितीसा वेळ लागेल?